खारातली काकडी: शेपू, लसूण आणि मोजून घेतलेलं मीठ

खारातल्या कैऱ्या, खारातले आवळे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. पोलंड, रशियाकडे हाच मान काकडीला आहे आणि तिच्या जोडीला बरणीत जातो तो आपला शेपू. यात तेल नाही, व्हिनेगर नाही, ऊन दाखवायचंही नाही. मिठाच्या पाण्यात लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू काकडीतल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लामुळे काकडी टिकते.

अर्धा किलो कोवळ्या, घट्ट, बोटभर काकड्या घ्या. घेरकिन ही खास जात कर्नाटक, तमिळनाडू, आंध्रात पिकते, पण बहुतेक माल निर्यात होतो. म्हणून मंडईतली लहान काकडी चालेल. फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेली मात्र कोशिंबिरीलाच वापरा. धुऊन तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवा.

कडूपणा जावा म्हणून आपण देठाकडचं टोक कापून घासतो. इथे महत्त्वाचं टोक दुसरं, फूल होतं तिकडचं. तिथली विकरं (एन्झाइम्स) काकडी मऊ पाडतात, म्हणून तिकडून २ मिमीची चकती काढाच. साल ठेवा. देठाकडून चाखून बघा, कडू निघाली तर बाजूला काढा.

आता खार. १ लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवा. वजनकाटा वापरा, कारण खड्याच्या आणि बारीक मिठाच्या चमच्याचं वजन सारखं नसतं. मीठ कमी पडलं तर नको ते जिवाणू वाढतात, त्यामुळे अंदाजपंचे अजिबात नको.

दीड लिटरच्या स्वच्छ काचेच्या बरणीत तळाशी शेपूच्या ४-५ काड्या, ६ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चमचाभर मोहरी, ८-१० मिरी, २ हिरव्या मिरच्या आणि मिळाली तर द्राक्षाची २-३ पानं घाला. पानांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने काकडी करकरीत राहते. फवारणी झालेल्या बागेतली पानं मात्र घेऊ नका. काकड्या उभ्या, दाटीने बसवा आणि खार ओता. वर काचेची छोटी वाटी दाबून ठेवा. एकही काकडी खाराबाहेर डोकावता कामा नये. बुरशी धरते ती तिथेच. झाकण सैल लावा आणि बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, खार गढूळ होतो, हिरवा रंग फिका पडतो. हे सगळं चांगलं लक्षण. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाका. लोकरीसारखी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, घाण वास आला किंवा काकडी बुळबुळीत झाली, तर सगळी बरणी टाकून द्या. उन्हाळ्यात ३-४ दिवसांत, थंडीत आठवड्याभरात चव आंबट होते.

काकडीत ९५ टक्के पाणी, १०० ग्रॅममागे जेमतेम १५ कॅलरी, आणि सालीत के जीवनसत्त्व. पण ५० ग्रॅमच्या एका खारवलेल्या काकडीत साधारण दीड ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

आंबट झाली की बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. काकड्या खारात बुडालेल्या असतील आणि काढायला स्वच्छ, कोरडा चमचा असेल तर २-३ महिने सहज टिकतात, आंबटपणा हळूहळू वाढत जातो. शेवटी उरलेला खार ओतून देऊ नका. कोशिंबिरीत मिठाऐवजी चमचा-दोन चमचे घाला.