जंक जर्नलचे टॅग करायचेत? आधी अख्खं पान चिकटवा, मग कापा

जंक जर्नलसाठी, म्हणजे रद्दी कागदांनी सजवलेल्या वहीसाठी, टॅग (खिशात सरकवायच्या सजवलेल्या छोट्या चिठ्ठ्या), खिसे, पट्ट्या करायला बसलं की बरेच जण आधी एक छोटा टॅग कापतात आणि मग त्यावर काय लावू, कुठे लावू यातच तास जातो, आणि इतकं करून तो टॅग फार ठरवून केल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर आधी अख्खा ए-फोर कागद रद्दीच्या कोलाजने भरा आणि कापाकापी नंतर करा. याला मास्टरबोर्ड म्हणतात, आणि यात कापताना असे काही तुकडे हाती येतात ना की मुद्दाम ठरवून ते कधीच जमले नसते.

खालचा कागद एका बाजूने वापरलेला झेरॉक्सचा असला तरी चालतो. वर लावायला जुन्या वह्यांची पानं, कॅलेंडर, पाकिटांच्या आतली नक्षी, पत्रिकेतला तो पातळ पारदर्शक कागद, गिफ्टचं रॅपर. शक्यतो हाताने फाडा, कात्रीची सरळ कड उठून दिसते, फाडलेली कड एकमेकांत मिसळते. वर्तमानपत्र पिवळं पडतं, तो रंग आवडत असेल तरच घ्या. दुकानाची गुळगुळीत बिलं आणि मशीनमधून निघणारी तिकिटं मात्र थेट लावू नका, तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात, त्यांची झेरॉक्स काढून ती लावा. घरातली जुनी पत्रं असतील तर त्यांचीही झेरॉक्सच, मूळ पत्र फाडू नका प्लीज. इंकजेटचा प्रिंट ओल्या गोंदाने पसरतो, झेरॉक्सचा पसरत नाही.

चिकटवायला ग्लू स्टिक. फेविकॉलमध्ये पाणी घातलं की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. गोंद कडांपर्यंत नीट लावा, कारण तुकडा कुठून कापला जाणार हे आत्ता माहीत नसतं आणि एखादा कोपरा सुटा राहिला तर कापताना तो उचलतोच. भरून झालं की दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. फारच भडक वाटलं तर सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग हलकासा फिरवा, सगळे रंग एका घरातले वाटायला लागतात.

आता कापणं, माझा सगळ्यात आवडता भाग! ए-फोर म्हणजे २१ बाय २९.७ सेंमी, त्यात ५ बाय ९.९ चे सरळ १२ टॅग बसतात आणि १ सेंमीची पट्टी उरते. पण मी पुठ्ठ्यात टॅगच्या मापाची खिडकी कापून ती कागदावर सरकवत बघते, कधी तिरकी, कधी उलटी, आणि जिथे छान दिसेल तिथेच पेन्सिलने आखते, थोडे कमी टॅग निघतात पण सुरेख निघतात. मागे मिठाईच्या बॉक्सचा नाहीतर जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा लावा, वरचे कोपरे तिरके कापा, पंच करून दोरा ओवा. शिलाई मशीन असेल तर कडेने टीप मारा, टाका ३-४ मिमीचा ठेवा, बारीक टाक्याने कागद त्याच रेषेवर फाटतो. आणि सुई जुनी घ्या, कागदाने ती बोथट होते.

मुख्य चित्र, म्हणजे पोस्टाचं तिकीट, फूल, पत्रिकेवरचा गणपती, हे मास्टरबोर्डवर अजिबात लावू नका. टॅग कापून झाल्यावरच लावा, गणपती मधून कापला गेला तर कुणालाच बरं वाटत नाही.

खिसा करायचा तर टॅगपेक्षा दीड-दोन सेंमी रुंद तुकडा घ्या आणि गोंद फक्त तीन कडांना, तोही बारीक. उरलेल्या पट्ट्या पानाच्या कडेला बॉर्डर म्हणून लावा. आणि हे सगळं प्रत्येक पानावर एकाच जागी लावू नका, एखाद्या पानावर वर, एखाद्यावर खाली, नाहीतर वही तिथेच फुगते आणि बंद होत नाही.