कोटी करा, पण खर्च जपून: वात्रटिका लिहिताना या चुका टाळा

एका निरोप समारंभात मी ही चारोळी वाचली होती:

पेन्शनसोबत आली
दारात हळूच जरा;
डॉक्टर म्हणतो, काका,
रोज चालत जा जरा.

कागदावर मी स्वतःवरच खूश होतो. आठ-आठ अक्षरं, शेवटी तोच शब्द, अर्थ वेगळे. पहिली जरा म्हणजे म्हातारपण, दुसरी म्हणजे थोडंसं. सभागृहात मात्र पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. नंतर सत्कारमूर्तींनीच विचारलं, "दारात जरा काय आली म्हणालास?"

चूक साधी होती आणि ती तेव्हा कळली नाही. मराठीत 'ज' एकच लिहितात, पण बोलतात दोन. म्हातारपणाच्या जरेतला ज 'जीवन'मधला, थोड्याशा जरामधला ज 'जाळं'मधला. 'च'चंही तसंच. 'चोर' आणि 'चंद्र' एकामागून एक मोठ्यानं म्हणून पाहा. म्हणजे माझी कोटी डोळ्यांना दिसत होती, कानाला ऐकूच येत नव्हती. वर 'जरा' हा संस्कृत शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही. पाणी पिण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, हीही जोडी अशीच कागदी. वात्रटिका लिहून झाली की पहिली चाचणी कानाची घ्या, म्हणजे निम्मी रद्दी घरातच राहते.

कोटी ओळीच्या पोटात पुरू नका

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. हे वाचा:

वर मिळवला तिने
मागे लागून देवाच्या;
वर मागवतो रोज
फेऱ्या चहाच्या-बिहाच्या.

'वर' या शब्दाला केवढा ऐवज आहे! देवाचा वर, लग्नाचा वर, आणि 'वर तोंड करून'मधला वर. पण तिन्ही अर्थ ओळीच्या सुरुवातीलाच खर्ची पडले, आणि शेवटी उरलं काय, तर 'बिहाच्या'. हा भरतीचा शब्द. यमकासाठी आणलाय हे शाळेतलं पोरही ओळखेल. आता तेच शब्द हलवू:

मागे लागून देवाच्या
तिने मिळवला वर;
आता बसतो नुसता,
चहा मागवतो वर.

फरक फक्त जागेचा. शेवटचा शब्द पडेपर्यंत ऐकणाऱ्याला कशाचाच पत्ता लागत नाही, आणि पडल्यावर मागचा वरही त्याला नव्यानं ऐकू येतो. तोच शब्द दोनदा वापरला म्हणून कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांगा की जुन्या अलंकारशास्त्रात यमक म्हणतात ते यालाच: तीच अक्षरं, अर्थ निराळा. 'घाट-वाट' जुळवण्याला शास्त्रकार अंत्यानुप्रास म्हणत. अर्थही तोच राहिला तर मात्र तो निव्वळ आळस.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपल्याला 'केले-गेले', 'होतो-जातो' अशी यमकं फुकटात मिळतात. ही फुकटची यमकं महागात पडतात. गमतीचं नाम बिचारं आधीच्या शब्दात गुदमरतं आणि टाळीच्या जागेवर 'होते' बसलेलं असतं. सुदैवानं आपली भाषा शब्दांची अदलाबदल सहज सोसते. क्रियापद ओळीत आधी घ्या, नाम शेवटी ठेवा.

व्याकरण चुगली करतं

श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ, जमवताना लिंगाकडे लक्ष द्या. गळ्यातला हार पुल्लिंगी, निवडणुकीतली हार स्त्रीलिंगी. 'साहेबांनी हार स्वीकारला' म्हटलं की फुलं आली, 'स्वीकारली' म्हटलं की डिपॉझिट गेलं. भूतकाळात क्रियापद हाराच्या मागे जातं आणि कोटी उघडी पाडतं. भविष्यकाळात ते साहेबांच्या मागे जातं:

निकालाच्या दिवशी ते
भर चौकात येतील,
आणि साऱ्यांच्या समोर
हार ते स्वीकारतील.

आता सांगा, कुठला हार? की कुठली? (होय, शेवटी क्रियापद आलं. आत्ताच सांगितलेला नियम मी मोडला, कारण इथे सगळी गंमत त्या '-तील'मध्येच आहे.) श्लेष फसला की बहुतेक जण दुसरा शब्द शोधत बसतात. त्याआधी काळ बदलून पाहावा, विभक्ती बदलून पाहावी, अनेकवचन करून पाहावं. शब्द बहुधा निर्दोष असतो.

शब्द तोडून केलेल्या कोटीचं, म्हणजे सभंग श्लेषाचं, पथ्य वेगळं. शाळेत शिकलेलं 'औषध नलगे मजला' आठवा. विरहिणी दमयंती म्हणते 'नल गे मजला', आणि ऐकणाऱ्या आईला वाटतं पोरीला औषध नको. हे लिहिताना 'नल' आणि 'गे'मध्ये जागा सोडली की संपलं. अवतरणचिन्हं, उद्गारचिन्हांची रांग, कंसात खुलासा, शेवटी हसरा चेहरा, हे सगळं त्याच जातीचं. कोपरखळी मारल्यावर 'लागली का?' असं विचारायचं नसतं.

विडंबनात वृत्त मोडू नका

"विनोदीच तर आहे, मात्रा कोण मोजतंय?" असं म्हणणारे भेटतात. उलट आहे. गंभीर कवितेत एखादी मात्रा घसरली तर भावनेच्या भरात खपून जाते, थट्टेत ती ठेच लागते. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या. बारा अक्षरं, 'लघु गुरु गुरु' असा गण चार वेळा, आणि सगळ्यांच्या कानात लहानपणापासून बसलेली चाल.

सकाळी नळाला न पाणी न वारा
तरी नित्य येतो बिलाचा इशारा

समर्थांची चाल आणि सोसायटीचा नळ, हसू येतं ते या दोघांच्या शेजारामुळे. दुसरी ओळ 'तरी बिल मात्र दर महिन्याला येतं' अशी केली तर मजकूर तोच राहतो, पण ती पाणीपुरवठा विभागाला केलेली तक्रार होते. केशवकुमार या नावानं विडंबनं लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांची ताकद इथेच होती. ज्याची थट्टा करायची त्याचं रूप आधी त्याच्यापेक्षा नीट जमलं पाहिजे. आणि ज्या कवितेचं विडंबन करता ती समोरच्यांना पाठ हवी, नाहीतर वाचण्याआधी मूळ कविता समजावून सांगण्याची वेळ येते.

अष्टाक्षरीत अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरा. 'रस्त्यात' तीन, चार नव्हे. तरी गाडी अडखळते असं वाटलं तर दुसऱ्याला न सांगता वाचायला द्या. तो अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण करायची. स्वतः वाचून उपयोग नाही, आपण आपल्या चुका चालीत लपवून वाचतो.

हशा एक शब्द आधी आला तर?

तर यमकानं उत्तर फोडलंय. पहिल्या ओळीत 'चिंता' आली की श्रोते 'गुंता' घेऊन तयारच असतात. काही वाचक-कवींना श्रोत्यांनी ओळ पुरी केली की आनंद होतो. मला नाही होत. अशा वेळी दोन ओळींची अदलाबदल करा, किंवा 'गुंता' येणार असं भासवून तिथे दुसरंच काही ठेवा.

विषयांबद्दल थोडक्यात: पुण्यातल्या दुकानदारांची दुपारची झोप, लठ्ठ बायको, टक्कल. यांवर नवं काही सुचलं असेल तर लिहा. सुचलेलं नाही हे मला माहीत आहे.

'मम', 'तव', 'जणू', 'बरे', 'पहा' हे शब्द ओळ भरायला आणले असतील तर काढा. उखाण्यात अर्धा उखाणा भरतीचा असतो आणि तरी कुणी तक्रार करत नाही, हे खरं. पण तिथे सगळे नावासाठी कान टवकारून बसलेले असतात, चांदीच्या वाटीत काय होतं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. वात्रटिकेला असा नवरदेव मिळत नाही.

बंधनाची मात्र भीती बाळगू नका. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं. ओठ टेकवून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. आता 'म' ओष्ठ्य, म्हणजे रामायणात राम हे नावच घेता येत नाही! शब्दांशी खेळायचं तर असं. अडचण आली की आपोआप वळणाचा शब्द शोधावा लागतो, आणि बरेचदा गंमत त्या वळणावरच सापडते.

माझ्या त्या जरेचंही तसंच झालं. शब्द चालेना म्हणून वैतागून त्यातल्या ज आणि र यांची अदलाबदल केली, तर 'रजा' निघाली. तिच्यातला ज आणि 'जा'मधला ज कानाला एकच:

तीस वर्षे मागितली
हात जोडून मी रजा;
आता सून म्हणे, 'बाबा,
ऑफिसात परत जा.'

पुढच्या निरोप समारंभात ही वाचली. हशा बरोबर 'जा'वर आला. पहिल्या रांगेत बसलेल्या सूनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.