ऑफिसचं व्हीपीएन लावलं की घरचा प्रिंटर गायब? आधी हे तपासा

ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कात जायची सुरक्षित वाट, जोडलं की वायफाय प्रिंटर ऑफलाइन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर उघडत नाही, शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, आणि व्हीपीएन काढलं की सगळं पुन्हा सुरळीत. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम नाशिकमध्ये घरी बसून करणाऱ्यांचं हे हमखास दुखणं, आणि त्यावर बहुतेक जण पहिलं काय करतात तर ड्रायव्हर काढून परत टाकतात. उगाच अर्धा दिवस जातो. व्हीपीएन काढल्यावर छापतोय ना, मग प्रिंटर धडधाकट आहे, घोळ लॅपटॉपच्या रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या वाटेने जाणार त्या यादीत, किंवा व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आहे.

आधी आकडे लिहून घ्या. व्हीपीएन बंद ठेवून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांड चालवा, त्यातला आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क आणि डीफॉल्ट गेटवे टिपून ठेवा. प्रिंटरचा आयपी त्याच्या स्क्रीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये असतो, स्क्रीन नसेल तर राउटरच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघा. मग त्या आयपीला पिंग करा (ping लिहून पुढे आयपी टाका, उत्तर येतं का ते कळतं), व्हीपीएन जोडा आणि परत पिंग करा. आता व्हीपीएन चालू असतानाच रूट प्रिंट (route print) कमांड द्या, रूटिंग टेबल दिसेल. खूप ओळी येतील, घाबरू नका, आपल्याला फक्त ०.०.०.० वाली ओळ, म्हणजे माहीत नसलेले पत्ते कुठे जातात ती, आणि आपल्या घरच्या आकड्यांची ओळ बघायचीय.

आता प्रिंटरचा आणि लॅपटॉपचा आयपी शेजारी शेजारी ठेवा. घरात मास्क बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असले तर दोघं एकाच गल्लीत. ते वेगळे असतील तर कारण सापडलंच समजा, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त घरांत असतं. इंदिरानगरला एका ओळखीच्यांकडे हॉलमध्ये फायबरवाल्याने लावलेला डबा होता, आत रेंज येईना म्हणून त्यांनी बेडरूममध्ये स्वतःचा राउटर लावला, प्रिंटर राहिला हॉलच्या वायफायवर १९२.१६८.१.३५ ला आणि लॅपटॉप आतल्या राउटरवर १९२.१६८.०.१२ ला. एरवी चालायचं, कारण लॅपटॉपला माहीत नसलेला कुठलाही पत्ता आतल्या राउटरकडे जायचा आणि तिथून हॉलमध्ये. पण ऑफिसचं व्हीपीएन फुल टनल असेल तर माहीत नसलेलं सगळं टनलमध्ये, म्हणजे ऑफिसकडे जाणाऱ्या व्हीपीएनच्या वाटेत, ढकललं जातं, मग १९२.१६८.१.३५ चा शोध थेट पुण्याच्या ऑफिसात सुरू होतो, तिथे तो कसा सापडणार! उपाय साधा आहे, दोघांना एकाच वायफायवर आणा किंवा आतला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, की सगळ्यांना एकाच डब्याकडून आयपी मिळतात.

दुसरं कारण आकड्यांची टक्कर. कुणाच्याही घरी वापरता येतील असे खाजगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरवून दिलेत, १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ वाले. पण राउटर बनवणारे फिरून फिरून १९२.१६८.०.१ नाहीतर १९२.१६८.१.१ च देतात, आणि एखाद्या लहान ऑफिसातही तेच आकडे असतात. रूट प्रिंटमध्ये १९२.१६८.१.० ची ओळ दोनदा दिसली, एक वायफायची आणि एक व्हीपीएनची, तर ज्याचं मेट्रिक (ओळीच्या शेवटचा पसंतीचा आकडा) कमी तो जिंकतो, व्हीपीएन जिंकलं की प्रिंटर जातो आणि वायफाय जिंकलं की ऑफिसचा सर्व्हर. इथे घरचे आकडे बदला. राउटरच्या पेजवर लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.७७.१ असा काहीतरी आडवळणाचा द्या, सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट करा. १० वाले आकडे नको, मोठ्या कंपन्या सर्रास तेच वापरतात. प्रिंटर किंवा डीव्हीआरला कुणी हाताने फिक्स आयपी दिलेला असेल तर तोही बदलावा लागेल, सीसीटीव्हीवाल्याने हमखास दिलेला असतो.

आकडेही ठीक, वायफायही एकच, तरी पिंग जात नाही? मग व्हीपीएनचं ॲपच लोकल, म्हणजे घरातलं, नेटवर्क अडवतंय. सिस्को कंपनीच्या व्हीपीएन क्लायंटमध्ये, म्हणजे ॲपमध्ये, प्रेफरन्सेसमध्ये लोकल लॅन ॲक्सेसची टिक असते, ती करून व्हीपीएन परत जोडा, पण ऑफिसने त्यांच्या बाजूने परवानगी दिली असेल तरच तिचा उपयोग. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनच्या विंडोज ॲपमध्ये फुल टनल असताना किल स्विचचा, म्हणजे टनलबाहेरचं सगळं अडवण्याचा, पर्याय चालू असला तरी हेच होतं. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनला आयपीव्ही४ च्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिमोट नेटवर्कचा गेटवे वापरण्याची टिक असते, ती काढली की इंटरनेट घरच्या लाइनवरून जातं, मात्र ऑफिसचे काही सर्व्हर त्यानंतर लागत नाहीत, आणि ऑफिसच्या आयटीला विचारल्याशिवाय काढूही नये.

रूट ॲड (route add) कमांडने टेबलमध्ये स्वतःच रस्ता घालायच्या भानगडीत पडू नका. सिस्कोसारखे क्लायंट टेबलवर लक्ष ठेवतात आणि तुमची ओळ पुसून टाकतात, वर आयटीवाल्यांचा फोन येतो तो वेगळाच. ते खडूस आहेत म्हणून लोकल नेटवर्क बंद ठेवतात असंही नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी टनलक्रॅक नावाने दाखवलं की लोकल नेटवर्कला मोकळीक असली तर फसवं वायफाय बाहेरच्या वेबसाइटचा पत्ता लोकल आहे असं भासवून ट्रॅफिक टनलच्या बाहेर काढू शकतं. कॉलेज रोडच्या कॅफेत बसून ऑफिसचं काम करणाऱ्याला हे लागू पडतंच की.

त्यामुळे आयटीला मेल करा, पण नुसतं प्रिंटर चालत नाही असं लिहू नका, तिकीट लगेच बंद होईल. घरचा सबनेट (आयपीचे पहिले तीन आकडे आणि मास्क), प्रिंटरचा आयपी, व्हीपीएनच्या आधीचं आणि नंतरचं पिंग, रूट प्रिंटचा स्क्रीनशॉट हे सगळं जोडा आणि फक्त प्रिंटरपुरती परवानगी मागा. नाहीच म्हणाले तर यूएसबी केबल लावा, व्हीपीएनचा तिच्याशी सहसा काही संबंध येत नाही, फक्त कंपनीने पोर्ट बंद केलेले नसावेत.

एक बारीक गोष्ट राहिली. पिंग जातंय तरी प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर विंडोज त्याला नावाने किंवा डब्ल्यूएसडी पोर्टवरून (नेटवर्कवर डिव्हाइस आपोआप शोधायची विंडोजची पद्धत) शोधत असेल, प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबवर स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट नवीन घाला, त्यात आयपी टाका, आणि तो आयपी रोज बदलू नये म्हणून राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये, जिथून सगळ्यांना आयपी वाटले जातात तिथे, राखून ठेवा.