प्रोटॉनच्या टकरीतील फोटॉन कसे शोधावेत: तालुक्याच्या महाविद्यालयात करता येणारा अभ्यास

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, एलएचसी या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात, प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवले जातात हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण काही वेळा दोन प्रोटॉन एकमेकांना न शिवता निघून जातात आणि तरीही त्यांच्यामध्ये नवे कण जन्मतात, असे सांगितले की वर्गात भुवया उंचावतात. आमच्याकडे पांदणीत समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या चाकाला चाक न लावता जातात, धूळ मात्र दोघींची एकमेकींत मिसळते. प्रोटॉनची धूळ म्हणजे त्याचे विद्युतक्षेत्र. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावताना हे क्षेत्र गतीच्या दिशेला आडवे, भाकरीसारखे चपटे होते, आणि भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या व वायत्सेकर आणि विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात पुढे नेलेल्या पद्धतीनुसार त्याच्याकडे फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणांचा, झोत म्हणून पाहता येते. दोन्हीकडचा एकेक फोटॉन भिडला की म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि विरुद्ध भाराचा प्रतिम्यूऑन यांची जोडी निर्माण होऊ शकते.

पदवीच्या विद्यार्थ्याने सुरुवात या जोडीपासूनच करावी. फोटॉनपासून डब्ल्यू कणांची जोडी बनते हे एलएचसीवरील ॲटलास प्रयोगाने २०२० मध्ये दाखवले, तो विषय अधिक आकर्षक आहे. पण पहिल्या अभ्यासासाठी तो झेपणारा नाही.

सर्नचे खुल्या विदेचे (डेटाचे) संकेतस्थळ २०१४ पासून सर्वांना उपलब्ध आहे. एलएचसीवरील सीएमएस प्रयोगाची एक लाख म्यूऑन-जोड्यांची तक्ता-फाइल तेथून मोबाइलच्या इंटरनेटवरही उतरवता येते. ती एकदा पेन ड्राइव्हवर घेतली की वीज जाण्यायेण्याचा त्रास बराच कमी होतो. प्रत्येक ओळीत दोन्ही म्यूऑनचा संवेग, ईटा (झोताच्या रेषेकडे किती कल आहे) व फाय (झोताभोवतीचा कोन, रेडियनमध्ये) हे दिशादर्शक आकडे, विद्युतभार आणि जोडीचे वस्तुमान दिलेले असते.

प्रथम विरुद्ध भाराच्या जोड्या ठेवाव्यात. त्यानंतर ११.५ जीईव्हीपेक्षा (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचे, ऊर्जेचे व संवेगाचे एकक) कमी वस्तुमानाच्या जोड्या काढाव्यात, कारण ३.१ जवळचा जे-साय आणि ९.५ पासून पुढचे अप्सिलॉन हे कण दुसऱ्याच वाटेने तयार होतात. ७० ते १०६ जीईव्ही हा पट्टाही वगळावा; तेथे ९१ जीईव्हीच्या झेड कणाचा मोठा उंचवटा आहे आणि दोन फोटॉन मिळून एकटा झेड घडवू शकत नाहीत.

आता खरी चाळणी. प्रोटॉन अखंड ठेवणाऱ्या फोटॉनचा आडवा, म्हणजे झोताला काटकोनातला, संवेग अत्यल्प असतो, म्हणून त्यांच्यापासून झालेले म्यूऑन आडव्या प्रतलात जवळजवळ पाठीला पाठ लावून निघतात. दोघांच्या फाय कोनांतील फरकाला पाय (π, सुमारे ३.१४) या संख्येने भागून ते उत्तर १ मधून वजा करावे. ते शून्याच्या जितके जवळ, तितकी जोडी सरळ रेषेत. एकाचा फाय १.६० आणि दुसऱ्याचा उणे १.५३ असेल तर फरक ३.१३ येतो आणि उत्तर सुमारे ०.००४. आमच्या पहिल्या प्रयत्नात निम्म्या ओळींत उणे आकडे आले आणि आम्ही दोन संध्याकाळी फाइललाच दोष देत बसलो. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने चूक पकडली: फाय २.० आणि उणे २.५ असताना फरक ४.५ होतो, तो पायपेक्षा मोठा आहे, म्हणून दोन पायमधून वजा करून १.७८ घ्यायला हवा. ही दुरुस्ती केल्यावर उत्तर ०.१ पेक्षा कमी आणि दोघांच्या आडव्या संवेगातील फरक १ जीईव्हीपेक्षा कमी असलेल्या जोड्या तेवढ्या ठेवाव्यात.

येथे थांबून शोध लागला असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. उरलेल्या बहुतेक जोड्या प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या मिलनातून आलेल्या असतात. त्यांच्यासोबत प्रोटॉनच्या चिंधड्यांचे इतर मार्गही (कणांनी शोधकयंत्रात उमटवलेल्या रेषा) निघतात, आणि ते मार्ग या तक्त्यात नोंदवलेलेच नाहीत. फोटॉनच्या घटनेची खूण म्हणजे दोन म्यूऑनभोवतीची शांतता. ती पाहण्यासाठी सर्व मार्गांची नोंद असलेल्या मोठ्या फाइल लागतात, आणि एकाच वेळी अनेक प्रोटॉन-जोड्या आदळत असल्यामुळे संपूर्ण शोधक रिकामा असण्याची अपेक्षा न ठेवता म्यूऑनच्या उगमबिंदूजवळ तिसरा मार्ग नाही ना, एवढेच तपासावे लागते.

अशा घटना किती मिळाव्यात याचा अंदाज आधीच बांधावा. २०१० च्या ७ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) ऊर्जेच्या टकरींच्या विदेवरून सीएमएसने या प्रक्रियेचे काटछेदी क्षेत्र, म्हणजे ती घडण्याच्या शक्यतेचे माप, सुमारे ३.४ पिकोबार्न मोजले, तेही प्रत्येक म्यूऑनचा आडवा संवेग ४ जीईव्हीपेक्षा जास्त असण्याच्या अटीसह. विदा ४० व्यस्त पिकोबार्नची होती; हे टकरींच्या संख्येचे माप, त्याला क्षेत्राने गुणले की घटनांची संख्या मिळते. गुणाकार १३६, आणि शोधकाच्या नजरेतून निसटणाऱ्या घटना त्यातूनच वजा व्हायच्या.

अखंड प्रोटॉन प्रत्यक्ष पकडले तर संशय बराच कमी होतो. त्यासाठी टकरीच्या जागेपासून सुमारे २१० मीटरवर, किरणनळीला अगदी लगटून शोधक बसवलेले आहेत. प्रोटॉनने किती ऊर्जा गमावली हे म्यूऑनवरूनही काढता येते: प्रत्येकाच्या आडव्या संवेगाला ई (सुमारे २.७१८) या संख्येच्या ईटा घाताने गुणावे, दोन्ही उत्तरांची बेरीज करून एकूण ऊर्जेने भागावे, दुसऱ्या प्रोटॉनसाठी ईटाचे चिन्ह बदलावे. १३ टीईव्हीच्या टकरीत दोन्ही म्यूऑनचा आडवा संवेग ५५ जीईव्ही आणि ईटा १.० व १.४ असतील, तर एका प्रोटॉनने २.९ टक्के ऊर्जा गमावलेली निघते आणि दुसऱ्याने जेमतेम ०.२६ टक्के. पहिला त्या शोधकात सापडू शकतो. दुसरा मूळ झोताच्या इतका जवळून जातो की तो दिसणारच नाही, म्हणून अशा घटनेत एकाच बाजूच्या प्रोटॉनशी मेळ घालून पाहावा.