इंग्रजी पत्रातला आदर कुठे असतो?

पुण्यातून परदेशी विद्यापीठांना जाणारी विद्यार्थ्यांची पत्रे मी अनेकदा वाचून देतो. त्यांत व्याकरणाच्या चुकांपेक्षा आदराची जागा चुकलेली अधिक आढळते. मराठीत आदर ‘आपण’ या सर्वनामात आणि ‘पाठवावे’, ‘कळवावे’ अशा क्रियारूपांत असतो. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ असल्यामुळे ते काम ‘कुड’ आणि ‘वुड’ यांना करावे लागते. म्हणून ‘कृपया गुणपत्रक पाठवावे’ याचे ‘काइंडली सेंड द ट्रान्सक्रिप्ट’ असे केले, की ‘कृपया’ तेवढे उरते, ‘पाठवावे’मधले मार्दव गळून जाते आणि ब्रिटिश वाचकाला ते दटावल्यासारखे वाटू शकते. त्याऐवजी ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड’ अशी सुरुवात करावी. एवढे लिहिल्यावर ‘हम्बली’ किंवा ‘रिस्पेक्टफुली’ जोडण्याची गरज राहत नाही.

‘रिस्पेक्टेड सर’ऐवजी ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहावे. प्राध्यापक बाईंना ‘डिअर’ लिहिताना आपली मुले संकोचतात, परंतु पत्राच्या मायन्यात त्या शब्दाला सलगीचा अर्थ नसतो. नाव माहीत असल्यास आपल्या ‘जोशी मॅडम’ तेथे ‘डिअर मिझ जोशी’ किंवा ‘डिअर प्रोफेसर जोशी’ होतात. ब्रिटिश रीतीप्रमाणे मायन्यात नाव नसेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’ आणि नाव असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’ येते; आपल्या मनात ‘आपला विश्वासू’ पक्के बसलेले असल्यामुळे सर्वत्र ‘फेथफुली’च पडते. अमेरिकेत ‘सिन्सिअरली’ पुरते.

‘डू द नीडफुल’ ब्रिटनमध्ये आता जुनाट वाटते, आणि त्यातून नेमके काय हवे हेही कळत नाही. अर्जावर सही हवी असेल तर तसेच लिहावे. ‘रिव्हर्ट’चा तिकडचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला परतणे असा असल्याने उत्तरासाठी ‘रिप्लाय’ वापरावे, आणि ‘प्रीपोन’ऐवजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे. पुण्यातल्याच कार्यालयाला लिहिताना मात्र हे शब्द सर्वांना समजतात, त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही.

खरी कसोटी तक्रारीच्या पत्रात लागते. ‘यू हॅव नॉट सेंट माय लेटर’ यात समोरच्यावर थेट ठपका येतो. ‘आय हॅव नॉट यट रिसीव्ह्ड द लेटर’ यात वस्तुस्थिती तीच राहते, पण चूक सुधारायला त्याला वाव मिळतो. मराठीतही आपण ‘तुम्ही पाठवले नाही’ न म्हणता ‘अद्याप मिळाले नाही’ असेच लिहितो. इंग्रजीकडे वळताना ही सवय आपण का सोडतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्यापुढे पत्राची तारीख, अर्ज क्रमांक आणि उत्तर कधीपर्यंत हवे ते लिहावे, कारण मुदत स्पष्ट सांगण्यात उद्धटपणा नसतो. ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ टाळावे, कारण विनंती मान्य झाली असे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. त्या जागी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ लिहावे, आणि तेथे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’च हवे.