पुण्यात कुत्र्याला टेकडीवर, पेठेत, नदीकाठी नेताय? या चुका टाळा

पुण्यात कुत्र्याला फिरवायला जागाच नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. मला ती पटत नाही. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, हनुमान टेकडी आहे. गणित चुकतं ते वेळेचं आणि ऋतूचं. जुलैत जी वाट हिरवीगार आणि मऊ असते, तीच दिवाळीनंतर कुत्र्याला दवाखान्यात पोचवते.

पिकलेल्या गवतात मोकळं सोडणं

आमचा बंड्या साधा गावठी. एका दिवाळीत वेताळ टेकडीवर त्याचा पट्टा सोडला. गवत सोनेरी झालं होतं, तो उड्या मारत आत शिरला आणि आम्ही कौतुकाने फोटो काढत बसलो. संध्याकाळी त्याची मान एका बाजूला कलली आणि तो सारखं डोकं झटकायला लागला. कानात मळ असेल म्हणून मी कापसाची काडी फिरवली. खरी चूक ती. डॉक्टरांनी गुंगी देऊन कानातून जे काढलं ते करंगळीच्या पेराएवढं कुसळ होतं. तपकिरी, सुईसारखं टोक आणि त्यावर उलट्या दिशेचे बारीक राठ केस. माझ्या काडीने ते आणखी आत गेलं होतं.

या केसांमुळे कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्याच्या लांब शेपटीला ओल लागली की पीळ फिरतो आणि दाणा गिरमिटासारखा आत घुसतो. गवताची ही जमिनीत रुजायची सोय आहे, पण कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यातही तो तेच करतो. पावसाळा सरला की पार उन्हाळ्यापर्यंत गवतात शिरू देऊ नका, मळलेल्या पायवाटेनेच चाला. कुत्रा एकच पाय सारखा चाटत असेल, बेचक्यात फुगवटा दिसत असेल, एकच डोळा मिटून घेत असेल किंवा डोकं झटकत असेल, तर घरी कोरत बसू नका.

टेकडीला कुत्र्यांचं मैदान समजणं

या चुकीचा मला मनापासून राग येतो. लांडोर अंडी घालते ती जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला, पावसाळ्याच्या दिवसांत. टिटवी तर उन्हाळ्यात उघड्या माळावर चार खड्यांत अंडी ठेवते. मोकळा कुत्रा ती सहज तुडवतो, खातो. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य टेकडीवर रोज ऐकू येतं, पण मोर दिसल्यावर तुमची हाक ऐकून परतणारे कुत्रे फार थोडे. मोराला १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे आणि टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे. साधा दोन मीटरचा पट्टा पुरतो. गुंडाळला जाणारा लांबलचक पट्टा इथे नको, तो झुडपात अडकतो आणि कुत्रा हिसका मारतो तेव्हा हात कापतो.

दगडांच्या फटीत नाक घालू देऊ नका. तिथे घोणस असते. चावलीच तर पाय आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचला आणि सर्पदंशावरचं औषध जिथे आहे अशा प्राण्यांच्या दवाखान्यात फोन करतच निघा.

ऊन उतरलं म्हणजे दगडही निवला असं मानणं

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वारा सुटतो, आपल्याला बरं वाटतं. पण पर्वतीच्या पायऱ्या असोत की जुन्या घाटांचे दगड, दिवसभर तापलेला काळा पाषाण अंधार पडल्यावरही गरम असतो. आपल्या पायांत चपला असतात. तळहाताची मागची बाजू दगडावर ठेवा आणि सात आकडे मोजा. तेवढं सोसलं नाही तर परत फिरा. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी आणलेलं बरं. कुत्रा जोरजोरात धापा टाकत लटपटायला लागला तर आधी सावलीत न्या, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, मग दवाखाना गाठा.

चौकशी न करता निघणं

शनिवारवाडा, आगाखान पॅलेस अशा तिकीट काढून पाहायच्या वास्तूंत कुत्रा नेता येईल असं गृहीत धरू नका. महापालिकेच्या बागेत शिरण्याआधी दारावरची पाटी वाचा. कुत्र्याला बाहेर झाडाला बांधून आत जाणं तर कधीच नको.

पेठांत वेगळंच. तिथे प्रत्येक बोळाची आपली कुत्री असतात, आणि तुमचा कुत्रा त्यांच्या दारात आलेला परका असतो. ती भुंकली तर पळू नका, काठी उगारू नका. पट्टा जवळ घेऊन शांतपणे दुसऱ्या बाजूने निघा. गणपतीच्या आधी काही आठवडे नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो. भित्रा कुत्रा पहिल्या टोल्याला गळपट्ट्यातून निसटतो. त्या दिवसांत सकाळीच जा आणि छातीला बांधायचा पट्टा वापरा. मुठेचं किंवा डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, होऊ शकतो. लस वेळेवर दिली आहे ना, पाहा. रेबीजची तर चुकवायचीच नाही.

घरी आल्यावर थेट आत सोडणं

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड फार. रॉकेल ओतणं, चटका देणं हे उपाय विसरा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांत चिरडू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खाणं सुटलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर रक्त तपासून घ्या. गोचीड ताप लवकर सापडला की औषधाला चांगली दाद देतो.

आम्ही आता उंबऱ्यातच बसतो. बंड्याचा एकेक पंजा मांडीवर घ्यायचा, सगळी बेचकी उघडून बघायची, मग कानांच्या आत, काखेत, शेपटीखाली. पाच मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात तो गुरगुरायचा, आता स्वतःच पंजा पुढे करतो.