मागच्या चाकाचं बेअरिंग बसवताना प्रेस नसेल तर

रविवारी जुन्या मारुती ८०० वाले जमतात, गाड्यांखाली शिरतात आणि हमखास एकाच्या मागच्या चाकाचा घूंऽऽ आवाज निघतो. नवं बेअरिंग डिकीत असतं, पण चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये दाबून बसवायला मैदानात प्रेस कुठून आणणार? हातोडीने ठोकलं तर तिरकं अडकतं.

आदल्या रात्री दोन्ही नवी बेअरिंगं हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बर्फाच्या डब्यातून न्या. तिथे जुनी बेअरिंगं काढा: मधला स्पेसर (दोन बेअरिंगांमध्ये अंतर ठेवणारी नळी) जरा बाजूला सरकवून पलीकडून पंचाने, एकदा इकडे एकदा तिकडे. मग ग्रीस पुसलेला ड्रम घमेल्यात ठेवून उकळतं पाणी ओता. दहा मिनिटांनी काढून झटपट कोरडा करा आणि गार बेअरिंग लगेच आत सरकवा. बहुतेक वेळा हलक्या टोल्यांत बसतं. दुसरं बेअरिंग लावण्याआधी स्पेसर आत टाका; गप्पांच्या नादात तोच विसरतो आणि सगळं पुन्हा उपसावं लागतं!

ठोकायला जुन्याच बेअरिंगची बाहेरची रिंग वापरा. तिला ग्राइंडरने एक चीर पाडून ठेवली की ती आत अडकत नाही.

टोला फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर पडला तर गोळ्यांची वाट दबते आणि नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत गायला लागतं. आणि हो, ड्रम काढताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना आधी ओट (गाडी घरंगळू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा आणि गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको.